ब्रेक पाईपच्या नटाला कोणता पाना घ्यावा?
(आमच्या बेळगावच्या दुकानातर्फे गॅरेजवाले, ट्रॅक्टरवाले आणि घरी गाडीवर हात चालवणाऱ्या ग्राहकांसाठी)

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचे एक टेम्पोवाले मामा दुकानात आले. रुमालात बांधून आणलेला ब्रेक पाईपचा तुकडा त्यांनी काउंटरवर ठेवला. नटाचे सहाही कोपरे झिजून त्याची सुपारी झाली होती. म्हणाले, "ह्याला बसेल असा पाना द्या." असा पाना कुठलीच कंपनी करत नाही. कोपरे गेले की ग्रिप प्लायर लावायचा, नट चेपायचा आणि शेवटी पाईप कापायचा, एवढंच उरतं. पाईप मागच्या चाकाचा असेल तर गाडीखाली अर्धा दिवस जातो, पुन्हा ब्रेकच्या पाईपमधली एअर काढायची ती वेगळीच. मामांनी साधा १० मिमीचा फिक्स पाना लावला होता. बहुतेक जण तेच करतात.

फिक्स पाना नटाला समोरासमोरच्या दोनच बाजूंनी धरतो. घट्ट बसलेल्या नटावर जोर दिला की पान्याचं तोंड किंचित फाकतं आणि सगळा भार दोन कोपऱ्यांवर येतो. ब्रेक पाईपचा नट लहान आणि पोकळ असतो, कारण पाईप त्याच्या पोटातून जातो. साहजिकच कोपरे पटकन जातात. रिंग पाना सगळीकडून धरतो, पण तो घालणार कुठून? पाईप आडवा येतो. म्हणून रिंगला पाईप जाईल एवढीच फट ठेवलेला पाना करतात, तो फ्लेअर नट पाना (फ्लेअर म्हणजे पाईपचं फुलवलेलं टोक). तो नटाला सहापैकी पाच बाजूंनी कवेत घेतो. नाव लक्षात राहिलं नाही तर "ब्रेक पाईपचा पाना" म्हणा, आम्हाला कळतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती आमच्या गल्ल्याला मानवणारी नाही. मोठा सेट घेऊ नका. गाड्यांचंच काम असेल तर १०×११ चा एक चांगला पाना महिनोन्महिने पुरतो. इथल्या रस्त्यांवरच्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांच्या ब्रेक पाईपचा नट १० चा असतो, युरोपियन बनावटीच्या गाड्यांत ११ चा भेटतो. ट्रॅक्टर किंवा जुन्या डिझेल गाड्या येत असतील तर नोझल पाईपसाठी (पंपाकडून नोझलकडे डिझेल नेणारा पाईप) १७ चा घ्या, काही ठिकाणी १९ चा लागतो. जुन्या जीपवाल्यांनी मात्र जरा थांबावं. त्या गाड्यांत इंचाचे नट असतात. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिमी, त्यावर ११ चा पाना चढेलच असं नाही. मग लोक १२ चा लावतात आणि नट गोल करून आमच्याकडे येतात.

जुन्या जीपची आणखी एक गंमत आहे, ती महागात पडते. ३/८ इंचाचे बारीक आटे आणि १० मिमी, १ पिचचे (दोन आट्यांत १ मिमी अंतर) आटे दिसायला जुळे भाऊ. एक दुसऱ्यात दोन-तीन आटे जातोही, मग अडतो. तिथे पान्याने जोर दिला की व्हील सिलिंडरचेच (चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरचे) आटे जातात. नवा नट हाताने तीन आटे तरी सहज गेला पाहिजे. अडला तर उलटा काढून बघा.

चांगला पाना ओळखायचा कसा? चकाकीवर जाऊ नका. क्रोमचा मुलामा पातळ असतो आणि स्वस्तातल्या पान्यावरही तो छान दिसतो. क्रोम व्हॅनेडियमचा (मजबूत पोलादाचा) छाप चांगला, पण छाप मारायला कितीसा खर्च येतो? जर्मन मानकाचा डीआयएन ३११८ हा आकडा ह्याच प्रकारच्या पान्यांचा आहे. तो दिसला तर बरंच, पण आम्ही त्यावरही थांबत नाही.

काउंटरच्या टोकाला आमचा व्हाइस आहे आणि त्यात एक नवा १० चा नट धरलेला असतो. पाना त्यावर चढवा आणि डावीउजवीकडे हलवा. हलका खेळ चालतो, पण खडखडला तर ठेवून द्या. मग हाताने चांगला ओढा आणि डोळे फटीवर ठेवा. हलक्या पान्याची फट ओढताना उघडताना स्पष्ट दिसते, हात सोडला की परत मिटते. एकदा आमच्याच शेल्फवरच्या एका सेटचं हे बघितलं आणि तो माल परत पाठवला. आधी सहा महिने तोच विकत होतो, हेही कबूल करतो. उद्यमबागेतल्या कारखान्यांचे काही ग्राहक खिशातून व्हर्नियर काढून तोंड मोजतात. मोजा, आम्हाला राग येत नाही. १० चा पाना १० च्या किंचित वर हवाच, नाहीतर नटावर जाणार नाही. मात्र १०.२ च्या पुढे गेला की तो नटाचा वैरी.

तोंडाच्या आत बघा. सहा कोपऱ्यांचा घ्या. बारा कोपऱ्यांचा अडचणीच्या जागी लवकर बसतो हे खरं, पण त्याची पकड कोपऱ्याच्या टोकाजवळ असते आणि गंजलेल्या नटावर तोच आधी सटकतो. सहा कोपऱ्यांचं तोंड दांड्याशी थोडं तिरकं असेल तर उलटापालटा करून अडचणीतही भागतं. फटीतून ४.७५ मिमीचा पाईप आरामात जावा, पण फट उगाच रुंद नको. रुंद फट म्हणजे तेवढी पकड कमी. पाईपवर प्लास्टिकचा थर किंवा स्प्रिंग असेल तर तसा तुकडा घेऊन या, लावून बघू.

बरेच मिस्त्री जुन्या रिंग पान्याला ग्राइंडरने फट पाडतात. आमच्या वडिलांनीही एक केला होता, अजून ड्रॉवरमध्ये आहे. नव्या नटावर तो चालतो. पण रिंगची भिंत मुळात पातळ, त्यात ग्राइंडरच्या उष्णतेने लोखंडाचं पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ पडतं, आणि गंजलेल्या नटावर तो फाकतो. आपल्याकडे गंज काही कमी नाही. खानापूर भागातला पाऊस, चोर्ला घाटातून रोज गोव्याला भाजी घेऊन जाणारे टेम्पो, वर समुद्राकडची खारी हवा. ह्या गाड्यांच्या खालचा नट पाना लावण्याआधी तारेच्या ब्रशने साफ करा, गंज सोडवणारं ऑइल मारा आणि शक्य असेल तर रात्रभर ठेवा. गॅसची ज्योत लावू नका. शेजारी रबरी होज असतो, पाईपमध्ये ब्रेक ऑइल असतं आणि ते पेट घेतं.

नट सुटू लागला पण पाईपही सोबत पिळतोय असं दिसलं तर तिथेच थांबा. थोडा आवळा, थोडा सोडा, ऑइल मारा, पुन्हा तेच. होजच्या बाजूचा षट्कोन दुसऱ्या पान्याने धरल्याशिवाय नट फिरवू नका, नाहीतर होज आतून पिळला जातो आणि वरून काही दिसत नाही. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता. ते रंग उचलतं.

आवळताना मोठा जोर लागत नाही. छोट्या गाड्यांत साधारण १५ न्यूटन-मीटरच्या आसपास, नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. पान्याला पाईप जोडून लांब केलात तर फ्लेअर चेपतं आणि गळती थांबण्याऐवजी सुरू होते. टॉर्क पान्यावर (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या) लावायचं सुटं फ्लेअर तोंडही आमच्याकडे मिळतं. ते दांड्याला काटकोनात लावा, म्हणजे वाचन बदलत नाही.

ऊस हंगामात ट्रॅक्टरवाल्यांची घाई आम्हाला ठाऊक आहे. जुन्या पंपाच्या इंजिनात कुठला सिलिंडर मारत नाही हे बघायला चालू इंजिनवर नोझल पाईपचा नट ढिला करायची सवय अनेकांना आहे. कॉमन रेल इंजिनवर (नव्या डिझेल गाड्यांतलं, सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल देणारं) हे अजिबात करू नका. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, बारीक धार कातडीतून आत शिरते आणि बोट वाचवायला ऑपरेशन लागतं.

आमच्याकडून घेतलेल्या पान्याचं तोंड रोजच्या कामात फाकलं तर पाना घेऊन या, बदलून देतो. हातोड्याने ठोकलेला किंवा पाईप लावून ओढलेला लगेच ओळखू येतो, त्याला हे लागू नाही. नवा पाना घ्यायला येताना जुना नट सोबत आणा, पाईपसकट असेल तर आणखी बरं. दुपारी २ ते ४ दुकान बंद असतं.