पुराचा नकाशा काढायचा तर आधी उंची नीट मोजा

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं शहरी पुराच्या कामासाठी ११ शहरांना मिळून २,४४४ कोटी रुपये मंजूर केले, त्यात भोपाळबरोबर आपलं इंदूरही आहे. हा पैसा राष्ट्रीय आपत्ती शमन निधीतला, म्हणजे पूर येऊन गेल्यावर वाटायची मदत नाही, पूर येण्याआधी नुकसान कमी करण्यासाठीचा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात या निधीची तरतूद होती, प्रत्यक्षात तो उभा राहिला २०२१ मध्ये. बातमी आल्यापासून जो तो म्हणतोय नाले रुंद करा, पंप बसवा. करायलाच हवं, पण कुठला नाला किती रुंद करायचा हे ठरतं नकाशावरून, आणि नकाशाच चुकला तर कोट्यवधी रुपये भलत्याच गल्लीत जमिनीखाली जातील.

आधी एक गैरसमज. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हटलं की लोकांना वाटतं आला ना एकदा, आता नातवंडांच्या काळात बघू. तसं नसतं. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, मग मागच्या वर्षी आलेला असो नसो. ३० वर्षांचं होमलोन घेऊन नदीकाठी फ्लॅट घेतलात तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर निदान एकदा बघायची शक्यता जवळजवळ २६ टक्के, म्हणजे चारात एक!

आता नकाशा. पाणी उताराकडे जातं हे शाळेतलं पोरही सांगेल, कॉम्प्युटरला मात्र उतार कळण्यासाठी प्रत्येक जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. फुकट मिळणाऱ्या उंच्यांपैकी खूप वापरल्या जातात त्या फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून ११ दिवस रडार फिरवून मोजलेल्या. त्यात जमीन ३० बाय ३० मीटरच्या चौकोनांत वाटलेली असते आणि एका चौकोनाला एकच आकडा. इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून बघा, ३० मीटरच्या चौकोनात गल्ली, ओटे, तीन मजली घरं, झाड असलं तर झाड, सगळं एकत्र येतं, आणि रडारला दिसतात छपरं. उंचीत पाच-सहा मीटरची चूक सहज असते. घरात पाणी शिरणार की नाही हे मात्र ठरतं उंबऱ्याच्या अर्ध्या फुटावर.

पुढची पायरी मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर. १९८४ साली मांडलेली एक सोपी पद्धत आजही वापरतात: प्रत्येक चौकोन आपल्या आठ शेजाऱ्यांकडे बघतो आणि ज्याच्याकडे उतार सगळ्यात तीव्र त्याला आपलं सगळं पाणी देऊन टाकतो. कोपऱ्यावरचा शेजारी लांब असतो, ३० ऐवजी ४२.४ मीटरवर, म्हणून उंचीतला फरक त्या अंतरानं भागायचा. मग वरून किती चौकोनांचं पाणी आपल्याकडे आलं हे मोजत गेलं की नाले आपोआप उमटतात, कुणी न काढता! पण एखादा चौकोन आठही शेजाऱ्यांपेक्षा खाली असला तर पाणी अडकतं, गणित थांबतं. सॉफ्टवेअर त्याला मोजणीतली चूक समजून तो खड्डा सगळ्यात खालच्या शेजाऱ्याइतका भरून टाकतं. डोंगरात ते बहुतेक वेळा बरोबर असतं. शहरात मात्र तो खड्डा म्हणजे रेल्वेखालचा अंडरपास असतो, किंवा रस्ता दरवेळी वर चढत गेल्यानं खाली राहिलेली वस्ती, म्हणजे जिथे पाणी तुंबतं नेमकी तीच जागा डेटा साफ करताना पुसली जाते. आणि उलटंही होतं, पुलाखालून पाणी जातं हे वरून दिसत नाही, त्यामुळे नाल्यावरचा पूल नकाशात धरणासारखा आडवा उभा राहतो. पुढे पाण्याचा वेग आणि खोली काढायला सेंट-व्हेनां या फ्रेंच अभियंत्याची १८७१ ची समीकरणं लावतात, ती अगदी बरोबर आहेत, पण उंचीच चुकलेली असेल तर उत्तरही चुकणार.

ऑगस्ट २०२० मध्ये इंदूरला २४ तासांत दहा इंचांहून जास्त पाऊस झाला. तेवढ्यात एकाच चौकोनावर सव्वादोन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते तेव्हा भरपूर पिते, पण एकदा भिजून फुगली, भेगा मिटल्या की फारच थोडं आत घेते, आणि आता तर अर्ध्या शहरावर काँक्रीट आहे. मग ते पाणी कान्ह आणि सरस्वती या शहरातल्या नद्यांकडेच धावणार.

म्हणून वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन केलेला नकाशा हवा. भिंतीवर पोपडे आलेली ओलीची रेघ, गोदरेजच्या कपाटावर गंज चढलेली ओळ, ही मोजमापंच आहेत, फक्त कुणी लिहून घेतली नाहीत. मोबाइलच्या जीपीएसवरून उंची घेऊ नका, त्यात कित्येक मीटरचा फरक येतो. गवंडी लोकांकडे पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी असते ना, ती घ्या. ज्या खुणेची उंची माहीत आहे तिथे नळीचं एक टोक धरायचं, दुसरं भिंतीवरच्या रेघेपाशी, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत येतं. मधे हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर सगळं चुकतं. असं टप्प्याटप्प्यानं गेलं तर अख्ख्या गल्लीची उंची एक-दोन सेंटिमीटरच्या फरकात मिळते, यानातल्या त्या रडारपेक्षा शेकडो पटींनी चांगली.

२०१९ मध्ये भोपाळला पाऊस थांबावा म्हणून आधी लग्न लावलेल्या बेडकांचा घटस्फोट लावला होता. लोक हैराण झाले होते हे समजतं, पण ढगांचा आणि बेडकांच्या संसाराचा काही संबंध नाही हे स्पष्ट सांगायलाच हवं. आणि तितकंच स्पष्ट हेही, की 'एआय पूर सांगेल' म्हणणाऱ्या कंपनीला पहिला प्रश्न विचारा, उंची कुठली वापरली आणि खड्डे भरलेत का.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या शहरी पुराच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलंय की नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० ते ५० सेंटिमीटरच्या फरकानं असाव्यात आणि दर ४ चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक हवा. आता पैसा येतोय तर त्यातला ठरावीक वाटा या दोन गोष्टींसाठी आणि वॉर्डावॉर्डातल्या खुणा मोजण्यासाठी कागदावर वेगळा काढून ठेवावा, खोदकामाची टेंडरं निघायच्या आत. तोपर्यंत तुमच्या भिंतीवर रेघ असेल तर दिवाळीच्या रंगकामाआधी टेप लावून फोटो काढा, तारीख लिहा आणि ओट्यापासून नाही, रस्त्यापासून मोजा.