बर्बर गालिचे

उत्तर आफ्रिकेतील बर्बर स्त्रिया मेंढीच्या लोकरीपासून उभ्या मागावर हाताने विणतात ते गाठीचे व सपाट विणीचे गालिचे. ‘बर्बर’ हे नाव परभाषी लोकांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका ग्रीक शब्दावरून बाहेरच्यांनी दिलेले असून हे लोक स्वतःला ‘अमाझिघ’ (अनेकवचन ‘इमाझिघेन’) म्हणवतात. ही कला अल्जीरिया व ट्युनिशियातही आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः मोरोक्कोतील मध्य व उच्च ॲटलास पर्वतप्रदेशाविषयी आहे.

गालिच्याचा कस मागावर नव्हे, तर त्याआधी लोकरीतच ठरतो. कळप हिवाळ्यात सखल भागात व उन्हाळ्यात डोंगरावरील कुरणांत चरतात आणि मेंढ्या साधारणतः वसंतात कातरल्या जातात. मध्य ॲटलासमधील तिमाहदीत ही मेंढीची जात आणि उच्च ॲटलासच्या दक्षिणेकडील सिरवा डोंगराची लांब, चकाकदार लोकर विशेष प्रसिद्ध आहे. कातरणीनंतरचे बहुतेक काम स्त्रियांचे. ओढ्यावर लोकर दांडक्याने बडवून धुतात, पण तिच्यातील सगळा स्निग्धांश जाऊ देत नाहीत, कारण धाग्याची लवचिकता व पाण्याला होणारा विरोध त्यावरच अवलंबून असतो. लांब तंतू लोखंडी दातांच्या फणीने विंचरून ताण्यासाठी (उभ्या धाग्यांसाठी) घट्ट पिळाने कातले जातात. आखूड तंतू पिंजून त्यांचा सैल पिळाचा धागा बाण्यासाठी (आडव्या धाग्यांसाठी) व लवेसाठी, म्हणजे गाठींतून वर उभ्या राहणाऱ्या धाग्यांसाठी, ठेवतात. रंगासाठी मंजिष्ठेच्या कुळातील एका वनस्पतीची मुळे, डाळिंबाची साल, मेंदी व नीळ वापरत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कृत्रिम रंग आले.

मागाला व विणकामाला ‘अझेत्ता’ हा शब्द आहे. दोन उभे खांब व दोन आडव्या तुळया एवढाच त्याचा सांगाडा असतो. (सनगरांचा घोंगडीचा माग आडवा असतो, हा फरक मराठी वाचकाने ध्यानात घ्यावा.) ताणा आधी जमिनीवर खुंट्यांभोवती ताणून मग मागावर चढवतात. मागाला जिवंत मानण्याची व विणलेले कापड कापून उतरवणे म्हणजे त्याचा मृत्यू समजण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मानवशास्त्रज्ञांनी अनेक ठिकाणी नोंदली आहे.

गाठीच्या विणीचा उगम वादग्रस्त आहे. चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दूनच्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात खलिफा अल्-मामूनच्या काळच्या (८१३–८३३) करसूचीत इफ्रीकियातून, म्हणजे स्थूलमानाने आजच्या ट्युनिशियातून, १२० गालिचे जात असल्याचा उल्लेख आहे, मात्र ते गाठीचे होते की सपाट, हे त्यातून ठरत नाही. काही अभ्यासक चौकट, नागमोडी रेघ इत्यादी आकृत्यांना प्रागैतिहासिक प्रजनन-प्रतीके मानून ही कला नवाश्मयुगापर्यंत नेतात, पण चौकटीसारखी आकृती ताण्याबाण्याच्या रचनेतून कोठेही स्वतंत्रपणे निघू शकते. त्यापेक्षा गाठीचा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो. मध्ययुगीन स्पेनमधील गालिच्यांत गाठ एकाच ताण्यावर मारलेली असते. ॲटलासमध्ये मात्र दोन ताण्यांना वेढणारी, अनातोलियात प्रचलित असलेली सममित गाठ आणि ‘बर्बर गाठ’ म्हणून ओळखला जाणारा तिचा निराळा प्रकार दिसतो. त्यामुळे आंदालुसियातून, म्हणजे मुस्लिम अमलाखालील स्पेनमधून, ही वीण आली, हे मत दुबळे ठरते. ती पूर्वेकडून आली, की मेंढीच्या कातड्याची ऊब विणीत आणण्याच्या गरजेतून येथेच घडली, याविषयी दोन मते आहेत. डोंगरी गालिच्यांत गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याच्या अनेक फेऱ्या असतात व लव लांब असते. हे लक्षण दुसऱ्या मताला पोषक आहे. तथापि लोकर टिकाऊ नसल्याने जुने नमुने विरळ आहेत, आणि हाती असलेले बहुतेक एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील आहेत.

मध्य ॲटलासमधील बेनी वराइन टोळीचे गालिचे न रंगवलेल्या पांढऱ्या लोकरीचे, गडद रेषांच्या चौकटींचे असतात; ते मुळात अंथरूण-पांघरूण म्हणून विणले जात. सिरवा डोंगराजवळील तझनाख्त परिसरात गाठीची व सपाट वीण एकाच गालिच्यात येते. फ्रेंच अभ्यासक प्रॉस्पेर रिकार यांनी १९२३ ते १९३४ दरम्यान चार खंडांत केलेले मोरोक्कन गालिच्यांचे सर्वेक्षण आजही वर्गीकरणाचा आधार आहे, जरी त्यातील टोळीनिहाय विभागणी प्रत्यक्षातील देवाणघेवाणीपेक्षा जास्त काटेकोर आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकर महाग झाल्यावर जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून विणलेले ‘बुशरवित’ गालिचेही याच मागावर तयार होऊ लागले.