कोर्टाच्या भिंतीतला समुद्र

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं ब्लूमिंग्टन हे मन्‍रो काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, मुख्य ठिकाण. मधोमध चौक, चौकात घुमटाचं कोर्ट आणि चारही बाजूंना जुनी दुकानं. मिडवेस्टमधल्या, म्हणजे देशाच्या उत्तर-मध्य भागातल्या, कितीतरी काउंटींच्या गावांची मांडणी अशीच आहे. पण 1908 मध्ये बांधून झालेलं हे कोर्ट बघावं ते त्याच्या दगडासाठी. हा फिकट राखाडी चुनखडक याच भागातल्या खाणींत निघतो. भिंतीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं, तर त्यात शंखशिंपल्यांचे बारीक तुकडे दिसतात.

साधारण 34 कोटी वर्षांपूर्वी इंडियाना विषुववृत्ताजवळ होतं आणि त्यावर उबदार, उथळ समुद्र पसरलेला होता. क्रायनॉइड, ब्रायोझोआ, फोरामिनिफेरा अशा समुद्री जीवांची कवचं तळाशी साचत. लाटांनी ती फोडली, घोळवली आणि मधला चिखल धुऊन नेला. उरले ते वाळूएवढे, जवळपास एकाच मापाचे कण. पुढे कॅल्साइटने, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाने, ते एकमेकांना घट्ट चिकटवले.

या दगडाची सगळी किंमत त्या एकसारखेपणात आहे. बऱ्याच गाळाच्या खडकांत थर असतात आणि छिन्नी चुकीच्या दिशेने बसली की खपली उडते. इथे तशी कमजोर पातळीच जवळजवळ नाही, त्यामुळे कारागीर कुठल्याही दिशेने कोरू शकतो. त्यात खाणीतून नुकताच काढलेला दगड ओलसर आणि तुलनेने मऊ असतो. तो वाळताना आतल्या पाण्यात विरघळलेलं कॅल्साइट पृष्ठभागाजवळ जमा होतं आणि वरचा भाग कठीण होतो. खांबांच्या माथ्यावरचं नाजूक कोरीवकाम शतकभर टिकलं, त्यात या गुणाचा मोठा वाटा आहे. 1871 च्या आगीनंतर शिकागो नव्याने उभं राहताना या दगडाची मागणी वाढली. 1931 च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगलाही तोच लावलेला आहे.

घुमटावर वाऱ्याची दिशा दाखवणारा एक मासा आहे. तो आधीच्या कोर्टावरचा, 1820 च्या दशकातला. समुद्रतळाच्या दगडावर मासा हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.

दगडाचा वैरी मात्र पाऊस. कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडमुळे आम्ल तयार होतं आणि ते कॅल्शियम कार्बोनेटचं जिप्सम नावाचं मऊ खनिज करतं. जिप्सम पाण्यात तुलनेने सहज विरघळतं. म्हणून पाऊस थेट लागतो तिथे दगड झिजतो, पण स्वच्छ दिसतो. कंगोऱ्याखाली, आडोशाला जिप्सममध्ये काजळी अडकून काळा थर बसतो. जुन्या इमारतीचा काळा-पांढरा नकाशा असा वाचता येतो.

डागडुजीत कडक सिमेंट वापरणं हे सगळ्यात मोठं नुकसान. भिंतीतला ओलावा सांध्यांतून बाहेर पडायला हवा. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी दगडात अडकतं आणि इंडियानाच्या हिवाळ्यात गोठून फुगतं. फुटतो तो दगड, सांधा नव्हे. सांध्यात भरलेला मऊ चुना स्वतः झिजतो आणि काही वर्षांनी पुन्हा भरता येतो.