वेफर्सच्या चुऱ्यातलं चिकन : घरी करणाऱ्यांसाठी

आमच्याकडून वेफर्स नेऊन त्यात चिकन घोळवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी दोनच: आवरण सुटतं, नाहीतर करपतं. करपण्याचं कारण वेफरमध्येच आहे. तो आधीच तळलेला असतो. त्यात पाणी जेमतेम दोन टक्के आणि तेल साधारण एक तृतीयांश. ब्रेडचा चुरा तळून खुसखुशीत करावा लागतो; वेफरचा चुरा फक्त चिकन शिजेपर्यंत सांभाळायचा असतो. म्हणून कढईत तळू नका. बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहील. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) किंवा एअर फ्रायर वापरा.

साहित्य
बोनलेस ब्रेस्ट ५०० ग्रॅम, साधे खारे वेफर्स १५० ग्रॅम, मैदा ४ मोठे चमचे, अंडी २, घट्ट दही २ मोठे चमचे, आलं-लसूण पेस्ट २ छोटे चमचे, लाल तिखट १ छोटा चमचा, हळद पाव चमचा, थोडा लिंबाचा रस. मीठ अर्धा छोटा चमचा पुरे. वेफर्सचं मीठ वर येणारच आहे.

वेफर्स कोणते घ्यावेत?
फिकट पिवळे, एकसारख्या रंगाचे. बटाटा कोल्ड स्टोरेजमध्ये फार थंड ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना वेफर लालसर पडतो. असा वेफर ओव्हनमध्ये लवकर काळा होतो आणि कडवट लागतो. मसाला वेफर्सच्या पाकिटावर साखर लिहिलेली असेल तर तेही याच कारणाने टाळा. उपवासाचे, सैंधव लावलेले चालतात. नरम पडलेले वेफर्स १५० अंशांवर पाच मिनिटं गरम करून गार केले की पुन्हा कुरकुरीत होतात. पण खवट वास आला तर टाकून द्या. तो वास भाजल्यावर वाढतोच.

कृती
चिकन धुवू नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. दीड सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्या कापा आणि दही-मसाल्यात फ्रिजमध्ये तासभर मुरवा.

वेफर्स पाकिटातच लाटण्याने दाबून चुरा. मिक्सरमध्ये तेल सुटतं आणि चुऱ्याचा लगदा होतो. जाड पोह्यांच्या चुऱ्याएवढे कण हवेत. पीठ झालं तर ओल पिऊन मऊ पडतं, मोठे तुकडे राहिले तर गळून पडतात.

आता सुटणाऱ्या आवरणाचं. तुकड्यावर दह्याचा जाड थर राहिला की ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि ती चुऱ्याला खालून ढकलते. म्हणून प्रत्येक तुकडा बोटांनी निपटून घ्या, मग मैद्यात घोळवा आणि जास्तीचा मैदा झटका. मैदा ओल शोषतो, फेटलेलं अंडं त्याला धरतं आणि अंड्याला चुरा चिकटतो. हा क्रम मोडू नका. अंडं चालत नसेल तर ३ मोठे चमचे चक्का, १ चमचा कॉर्नफ्लोअर आणि थोडं पाणी फेटून घ्या. चुरा तळव्याने दाबून बसवा आणि ताट दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. त्याहून जास्त नको, चुरा ओलावतो. एका हाताने ओलं, दुसऱ्याने कोरडं काम केलं तर बोटांना गोळे चिकटत नाहीत. कच्च्या चिकनला लागलेला उरलेला चुरा परत पाकिटात घालू नका.

ओटीजी २०० अंशांवर दहा मिनिटं तापवा. तुकडे सुटे सुटे जाळीवर मांडा, खाली ट्रे. थेट ट्रेवर ठेवले तर खालची बाजू वाफेने गिळगिळीत होते. वरून तेल लावायची गरज नाही. १५ ते १८ मिनिटं, अर्ध्यावर एकदा चिमट्याने हलकेच उलटा. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर १२ मिनिटं, तुकडे एकाच थरात. रंग लवकर चढला तर वरून फॉइल सैल झाका.

रंगावरून चिकन शिजलं असं समजू नका. वेफर सहाव्या मिनिटालाही सोनेरीच दिसतो! सर्वांत जाड तुकडा कापा: आत गुलाबी छटा नको, रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश.

हाडाच्या तंगड्यांना यापेक्षा बराच वेळ लागतो, तोवर चुरा जळतो. त्या आधी वाफवून, पूर्ण कोरड्या आणि गार करून मगच घोळवा.

उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस. गरम करताना १८० अंशांवर सात-आठ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये आवरण ओलं पडतं.