अठ्ठावीस गाणी, चार बाजू: रामोन्सच्या लाइव्ह एलपींची पार्श्वभूमी

रामोन्स हा न्यूयॉर्कचा, छोट्या वेगवान गाण्यांच्या पंक रॉकचा बँड. त्याच्या लाइव्ह रेकॉर्डी जमवणारे चार जण एकत्र बसले की गप्पा गाण्यांवरून सुरू होतात आणि अर्ध्या तासात एका शब्दावर येऊन अडतात: बूटलेग, म्हणजे ढोबळमानाने परवानगीशिवाय काढलेली रेकॉर्ड. ही एलपी बूटलेग आहे की नक्कल, की नुसती ‘रेडिओवाली’? मग कोणीतरी रेकॉर्ड तिरकी धरून लेबलालगतच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेले आकडे वाचू लागतो. त्या पट्ट्याला आमच्यात डेड वॅक्स म्हणतात. दिव्याखाली रेकॉर्ड हळूहळू फिरवली की एका कोनात आकडे उमटतात. कारखान्यात ठशाने उठवलेले असतील तर एकसारखे, हाताने कोरलेले असतील तर वेडेवाकडे. पण वाद एवढ्याने मिटत नाही. तो जिथून सुरू झाला तिथपर्यंत मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. न्यूयॉर्कच्या ऑपेरात विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मेणाच्या नळकांड्यांवर चालू प्रयोग टिपले गेले होते, पण ती वेगळी कथा. रॉकच्या जगात बूटलेगची चाल पडली १९६९ मध्ये, लॉस एंजेलिसला. कोऱ्या पांढऱ्या कव्हरात, वर रबरी शिक्का मारून, एका नावाजलेल्या गायकाची अप्रकाशित गाणी दोन एलपींवर विकली गेली. कंपनीने कपाटात ठेवलेला माल ग्राहक जास्त पैसे मोजून घेतो, हे त्या दिवसापासून सगळ्यांना कळलं. पुढच्या पाच-सात वर्षांत मोठ्या रॉक बँडांच्या अशा रेकॉर्डींचा ढीग लागला, आणि पंक आला तेव्हा ही वाट चांगली मळलेली होती.

रामोन्सच्या बाबतीत लाइव्ह रेकॉर्डींची भूक जास्त का, याचं उत्तर घड्याळात आहे. एप्रिल १९७६ चा पहिला अल्बम २९ मिनिटांचा. त्यानंतर १९७७ मध्ये दोन. तिन्हींवर प्रत्येकी १४, म्हणजे एकूण ४२ गाणी. स्टेजवर हीच गाणी आणखी वेगात व्हायची आणि दोन गाण्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा नसायची. गाणं संपतं न संपतं तोच बास वाजवणारा ‘वन टू थ्री फोर’ ओरडणार आणि पुढचं सुरू. त्या मोजणीचा पुढच्या गाण्याच्या लयीशी काही संबंध असतोच असं नाही, हा आमच्यातला जुना विनोद. स्टुडिओतल्या अल्बमवर हे दामटणं कळत नाही. ज्याने बँड प्रत्यक्ष पाहिला नाही त्याच्यासाठी लाइव्ह एलपी हाच पुरावा.

पहिला अधिकृत पुरावा लंडनमध्ये गोळा झाला. डिसेंबर १९७७ च्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडमधले चार शो टेपवर घेतले गेले: २८ ला बर्मिंगहॅम, २९ ला स्टोक, ३० ला एल्सबरी आणि ३१ ला लंडनच्या फिन्सबरी पार्कातलं रेनबो थिएटर. रेनबो म्हणजे १९३० मध्ये सिनेमागृह म्हणून उघडलेली भव्य वास्तू. सत्तरच्या दशकात ती रॉकचं घर होती, आज तिथे चर्च आहे. चारपैकी वर्षअखेरची रात्र निवडली गेली. त्या रात्री प्रेक्षकांनी खुर्च्यांच्या दहा रांगा उखडून स्टेजकडे फेकल्या, म्हणून तीच घेतली, असं सांगतात. खुर्च्यांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. निवड मात्र बरोबर होती, याबद्दल फारसं दुमत नाही.

दुमत आहे ते पुढच्या दोन निर्णयांबद्दल.

पहिला निर्णय, जोड एलपी काढण्याचा. त्या रात्रीची रेकॉर्ड ‘इट्स अलाइव्ह’ या नावाने निघाली. तिच्यावर २८ गाणी आहेत आणि एकूण वेळ ५४ मिनिटांच्या आसपास. चार बाजू, प्रत्येक बाजूला बरोबर सात गाणी. म्हणजे एका बाजूला साडेतेरा मिनिटं. एवढं संगीत ओढूनताणून एका एलपीत बसलं असतं, आणि त्या काळात पंकच्या गिऱ्हाईकाला दोन एलपींचे पैसे मोजायला लावणं काहींना खटकलं. माझं मत उलट आहे. बाजू लांबली की खोबणी जवळजवळ कापाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि सगळ्यात आधी बास मरतो, कारण खर्जाला खोबण रुंद लागते. सत्तावीस मिनिटांच्या बाजूवर रामोन्स ऐकणं म्हणजे शेजारच्या इमारतीतलं लग्न ऐकणं. साडेतेरा मिनिटांत कटिंग करणाऱ्याला हात मोकळा मिळाला, आणि ते कानाला कळतं. किंमत एकच: दम न घेता वाजवलेला कार्यक्रम आपण तीनदा उठून, बाजू उलटून ऐकतो. सीडीवाले यावर हसतात. हसोत.

दुसरा निर्णय मात्र मला आजही पटत नाही. ही रेकॉर्ड बाजारात आली एप्रिल १९७९ मध्ये, म्हणजे शोनंतर सव्वा वर्षाने. तोवर ड्रम वाजवणारा मूळ सदस्य स्टेजवरून बाजूला झाला होता आणि नव्या ड्रमरसह चौथा अल्बमही निघाला होता. ब्रिटनमध्ये ती विक्रीच्या यादीत २७ व्या क्रमांकापर्यंत गेली. आणि अमेरिकेत? निघालीच नाही. बँड अमेरिकेचा, कंपनी अमेरिकेची, आणि त्यांच्या सर्वोत्तम लाइव्ह रेकॉर्डसाठी अमेरिकेतल्या चाहत्याने परदेशी प्रत मागवायची. अमेरिकेत ती आली १९९५ मध्ये, बँड बंद व्हायच्या उंबरठ्यावर असताना. व्यवहार म्हणून बघायचं तर पहिले तीन अल्बम तिथल्या यादीत १११, १४८ आणि ४९ या जागांच्या वर गेले नव्हते. अशा बँडची जोड लाइव्ह एलपी काढायला कोणाचाही हात थरथरला असता. पण सोळा वर्षं?

त्या सोळा वर्षांनीच रामोन्सचा बूटलेग बाजार पोसला, असं माझं म्हणणं आहे. अधिकृत खिडकी बंद म्हटल्यावर लोक मागच्या दाराने आले.

आता त्या शब्दाकडे. मूळ शब्द बुटाच्या नळीत बाटली लपवून नेणाऱ्यांचा. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा तो घरोघरी पोचला. रेकॉर्डींच्या धंद्यात त्याचा नेमका अर्थ असा: कंपनीने कधीच न काढलेलं ध्वनिमुद्रण परवानगीशिवाय काढणं. कंपनीने काढलेली रेकॉर्ड कव्हरासकट हुबेहूब छापली, तर ती नक्कल. निघालेली गाणीच वेगळ्या कव्हरात घालून विकली, तर ती पायरेट. तीन वेगळे गुन्हे, तीन वेगळे शब्द. बाजारात मात्र तिन्हींना बूटलेगच म्हणतात, आणि विक्रेत्याला हा घोळ सोयीचा असतो. ‘इट्स अलाइव्ह’ची बनावट प्रत ‘जुनं बूटलेग’ म्हणून खपवणारे मी पाहिले आहेत. ते बूटलेग नाही, ती फसवणूक आहे.

बूटलेगमध्येही जाती आहेत. ऑडियन्स टेप म्हणजे प्रेक्षकांत बसून, कोटाआड लपवलेल्या रेकॉर्डरवर घेतलेली. या बँडच्या बाबतीत ती बहुधा निराशा करते, कारण मोठ्या हॉलमध्ये वीस रांगा मागे गिटार आणि बास मिळून एक घोंगावणं होतं आणि शब्द त्यात बुडतात. साउंडबोर्ड म्हणजे थेट मिक्सरमधून घेतलेली: कोरडी, स्पष्ट, पण तिच्यात प्रेक्षक जवळजवळ नसतात. आणि तिसरी रेडिओची. अमेरिकेत शो ध्वनिमुद्रित करून देशभरच्या केंद्रांना पाठवणारे कार्यक्रम होते. ७ जानेवारी १९७८ चा न्यूयॉर्कच्या पॅलेडियममधला शो असाच रेडिओसाठी टिपला गेला, रेनबोनंतर जेमतेम आठवड्याने. अशा शोंची प्रक्षेपणं लोकांनी घरी कॅसेटवर उतरवली, आणि कॅसेटवरून एलपी निघायला कितीसा वेळ लागतो? तो पॅलेडियम शो अधिकृतपणे निघाला २००३ मध्ये.

मग अधिकृत निघाल्यावर जुन्या बूटलेगचं काय होतं? १२ ऑगस्ट १९७६ चा हॉलिवूडच्या रॉक्सीमधला शो वर्षानुवर्षं चोरट्या प्रतींतून फिरत होता. २०१६ मध्ये पहिल्या अल्बमच्या चाळीसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या पेटीत (बॉक्स सेटमध्ये) तो आला, त्याच रात्रीच्या दुसऱ्या खेळासकट. एका गटाचं म्हणणं असं की जुनी प्रत आता नुसता कचरा. दुसरा गट म्हणतो, तीच तर खरी ऐतिहासिक वस्तू, कारण मधली चाळीस वर्षं लोकांनी तीच ऐकली. मी दुसऱ्या गटात आहे, पण तिच्यासाठी पहिल्या गटाच्या दुप्पट पैसे मोजायला तयार नाही.

आपल्याकडे खासगी बैठकींच्या स्पूल आणि कॅसेटी रसिकांत पिढ्यान्‌पिढ्या फिरत आल्या. ‘अमक्याकडे बुवांचा तो मारवा आहे’ हे वाक्य आदराने उच्चारलं जातं, त्या टेपला बूटलेग म्हणायचं कोणाला सुचलं नाही. फरक पैशाचा आहे. देवघेव होती, विक्री नव्हती. भारतीय कायद्यात कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला तोही १९९४ च्या दुरुस्तीने.

अमेरिकेतही तेच वर्ष. ध्वनिमुद्रणांना तिथे केंद्रीय कायद्याचं संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळालं होतं, पण ते कंपनीने टिपलेल्या मुद्रणाला. स्टेजवरचा, कोणीच अधिकृतपणे न टिपलेला कार्यक्रम त्यातून निसटत होता. परवानगीशिवाय लाइव्ह शो टिपणं आणि विकणं केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरलं डिसेंबर १९९४ मध्ये. युरोपात वर्षभर आधी दुसरंच भोक बुजलं. जर्मनीत तोवर तिथल्या कलाकाराला जे संरक्षण होतं, ते परदेशात शो केलेल्या परक्या कलाकाराला नव्हतं. एका ब्रिटिश गायकाच्या १९८३ च्या कॅलिफोर्नियातल्या शोची सीडी जर्मनीत राजरोस विकली जात होती. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि २० ऑक्टोबर १९९३ ला निकाल लागला की युरोपीय समुदायातल्या नागरिकाबाबत असा भेद चालणार नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीला युरोपातून एवढा चकचकीत, रंगीत कव्हरांचा ‘अर्धा कायदेशीर’ माल का आला, याचं उत्तर इथे आहे. तो चोरून विकला जात नव्हता, म्हणून त्याला कव्हर चांगलं होतं.

हे सगळं चालू असताना बँडने दुसरी लाइव्ह जोड एलपी काढली, ‘लोको लाइव्ह’. मार्च १९९१ मध्ये बार्सिलोनात टिपलेली. युरोपात ती एका कंपनीने १९९१ मध्ये काढली, अमेरिकेत पुढच्या वर्षी दुसरीने, वेगळं कव्हर आणि गाण्यांची वेगळी यादी घेऊन. नाव एकच. त्यामुळे कोणी ‘लोको लाइव्ह आहे’ म्हटलं की आधी विचारायचं, कुठली. संगीताबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वेग इतका वाढलेला की गायकाला शब्द गिळावे लागतात.

शेवटचा शो ६ ऑगस्ट १९९६ ला हॉलिवूडमध्ये झाला, बँडच्या हिशोबाने २,२६३ वा. मूळ चौघांतला पहिला २००१ मध्ये गेला आणि शेवटचा, तोच जुना ड्रमर, २०१४ मध्ये. आणि त्यानंतर पूर आला. चाळीसाव्या वर्षाच्या पेट्यांमधून न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमधला १९७७ चा शो, त्याच वर्षीचा ग्लासगोचा आणि १९७९ च्या वर्षअखेरीचा पॅलेडियमचा बाहेर पडला. ग्लासगो २०१८ मध्ये रेकॉर्ड स्टोअर डेच्या निमित्ताने वेगळ्या एलपीवर आला, सिडनीचा १९८० चा शो २०२१ मध्ये. २००८ मध्ये सुरू झालेला तो दिवस छोट्या दुकानांच्या भल्यासाठी होता. आता तो रांगेत उभं राहून चार तासांत तिप्पट भावाने विकणाऱ्यांचाही आहे. अमेरिकेत २०२० मध्ये विनाइल रेकॉर्डींच्या उत्पन्नाने सीडीला मागे टाकलं, १९८६ नंतर पहिल्यांदा. मग कपाटातल्या टेपांना कोण हात लावणार नाही?

दुसरीकडे युरोपीय दुकानांत ‘थेट रेडिओ प्रक्षेपण’ असा शिक्का मारलेल्या एलपी उघड्यावर दिसू लागल्या. प्रक्षेपणाचे हक्क मोकळे आहेत असा त्यांचा दावा असतो, मागे बारीक अक्षरांत लिहिलेला. बँडशी त्यांचा संबंध नसतो, कव्हरावरचा फोटो बहुधा दुसऱ्याच वर्षाचा असतो. बूटलेग म्हणावं तर उघड विकतात, अधिकृत म्हणावं तर नाहीत. जुने गडी त्यांना विटाळ मानतात. मला त्यांचा राग येतो तो आवाजामुळे. इंटरनेटवरची दाबलेली फाइल जाड विनाइलवर छापून विकणं यात बुटाच्या नळीत बाटली लपवण्याइतकंही कष्टाचं काम नाही.

‘इट्स अलाइव्ह’ची चाळीस वर्षांची पेटी २०१९ मध्ये आली. तिच्यात चारही रात्री आहेत, पण सीडींवर. विनाइलवर फक्त रेनबो. माझ्यापुरतं तेवढंही पुरेसं होतं, कारण त्याआधी अनेक वर्षं माझ्याकडे जी जुनी प्रत होती तिच्या दोन्ही खिशांत जोडीतली दुसऱ्या क्रमांकाचीच रेकॉर्ड निघाली होती. बाजू तीन आणि चार, दोनदा. विक्रेत्याने पत्रांना उत्तर दिलं नाही, आणि पुण्याहून ती परत पाठवायला रेकॉर्डच्या किमतीपेक्षा जास्त टपालखर्च आला असता. त्यामुळे माझ्यासाठी रेनबोचा शो कित्येक वर्षं पंधराव्या गाण्यापासूनच सुरू होत होता.