खापराची ताजी कड

रोममध्ये टायबर नदीजवळ सुमारे 35 मीटर उंचीची एक टेकडी आहे, माँते तेस्ताच्चो. ही टेकडी फुटक्या कुंभांची आहे. रोमन साम्राज्याच्या काळात स्पेनच्या ग्वादलकिवीर खोऱ्यातून ऑलिव्हचं तेल ज्या दोन कानांच्या गोल पोटाच्या कुंभांतून येई, मुख्यतः तेच इथे फोडून टाकत. एका कुंभात सुमारे 70 लिटर तेल मावे; रिकाम्याचं वजनच 30 किलोच्या घरात. तेल भिंतीत मुरून खवट होई, म्हणून कुंभ परत वापरता येत नसे. वास दबावा म्हणून ढिगावर चुना पसरत.

जर्मन पुरातत्त्वज्ञ हाइन्रिश ड्रेसेल यांनी 1872 पासून इथल्या खापरांवरची शाईची अक्षरं वाचली: रिकामं वजन, तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव आणि त्या वर्षीच्या कॉन्सुलांची, म्हणजे दरवर्षी बदलणाऱ्या रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं. म्हणजे थेट सालच! त्यांनी आकारांचा तक्ताही केला. हा तेलकुंभ आजही ‘ड्रेसेल 20’ म्हणूनच ओळखला जातो.

पण उत्खननात हाती येतो तो बहुतेकदा पोटाचा तळहाताएवढा तुकडा. त्याला ना काठ, ना कान. तक्ता इथे कामाचा नाही. मग माती वाचायची. जुनी कड झिजलेली, मळलेली असते. म्हणून नोंद आणि फोटो झाल्यावर पक्कडीने कोपऱ्याचा कपचा काढतात आणि ताजी कड दहापट भिंगाखाली धरतात. चमकदार काळे कण भरपूर दिसले, तर ते ऑगाइट हे खनिज असू शकतं: इटलीतल्या व्हेसुव्हियसच्या परिसरातली ज्वालामुखी वाळू, म्हणजे बहुधा तिथल्याच कँपानिया प्रांताचा द्राक्षमद्याचा कुंभ. खात्रीसाठी 0.03 मिलिमीटर जाडीचा काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

घात होतो तो धुताना. कडक ब्रश फिरवला की शाई कायमची जाते. अशी खापरं नुसती पाण्यात हलवून सावलीत वाळवावीत. आत काय भरलं होतं ते तपासायचं असेल, तर तुकडा धुवायचाच नाही. उघड्या हाताने धरला तर त्वचेचं तेल लागतं, प्लास्टिकच्या पिशवीतली रसायनंही नमुन्यात उतरतात. अॅल्युमिनियमची फॉइल बरी.

मोजणीही जपून करावी लागते. एका कुंभाचे शंभर तुकडे होतात, म्हणून नुसती संख्या फसवी. तुकड्यांचं वजन करतात आणि काठ पूर्ण वर्तुळाचा किती टक्के उरलाय तेही मोजतात.

ताज्या कडेचं मोल भारतातल्या खापरांनी चांगलंच दाखवलं. इथे ‘रोमन’ म्हणून नोंदलेले बरेच तुकडे पुरातत्त्वज्ञ रॉबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले अनेक मेसोपोटेमिया-इराणकडचे ‘टॉर्पेडो’ कुंभ निघाले. घारापुरीलाही असे तुकडे मिळाले आहेत. गोंधळ होणं साहजिक होतं. रोमन मद्यकुंभाला आतून पाइनच्या राळेचा काळा लेप असे, टॉर्पेडोला नैसर्गिक डांबराचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. टॉर्पेडोला कान नसतात, पण पोटाच्या तुकड्यावरून ते कळणार कसं? तिथे मातीतले कण उपयोगी पडतात, आणि लेपाच्या रासायनिक तपासणीत राळ आणि डांबर सरळ वेगळे ओळखू येतात.