एआरसी की पीएलसी? अमेरिकेतल्या मक्याच्या अनुदानातला घोळ

आयोवात शेतकऱ्यांच्या शेजारी राहिलं की एआरसी आणि पीएलसी या दोन सरकारी अनुदान योजनांतली कुठली घ्यायची हा विषय कानावर पडतोच, आणि बरेच जण एका वाक्यात उडवून लावतात, भाव पडला तर पीएलसी, पीक पडलं तर एआरसी. पहिलं बरोबर आहे, दुसऱ्यात गडबड आहे.

दोन्ही योजना 2014 च्या फार्म बिलातून, म्हणजे तिकडच्या शेतीच्या कायद्यातून आल्या, त्याआधी भाव कसाही असो थेट पैसे मिळायचे, ते बंद झाले. पीएलसी सोपी आहे. सरकारने पिकाचा एक भाव ठरवलाय, मक्याला 2025 च्या पिकापासून बुशेलला (तिकडचं धान्याचं माप, मक्याचे साधारण 25 किलो) 4.10 डॉलर (आधी 3.70 होता), मागची वर्षं तेजीची असतील तर तो थोडा वर सरकतो. देशातला वर्षभराचा सरासरी भाव त्याच्या खाली गेला की जेवढा फरक तेवढे पैसे, पीक किती आलं कोणी विचारत नाही.

एआरसी (तिचा नेहमीचा प्रकार) बघते भाव गुणिले उत्पादन, आणि उत्पादन तुमचं नाही हां, अख्ख्या काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं. पाच वर्षांतलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सोडून उरलेल्या तिघांची सरासरी काढायची, त्याच्या 90 टक्के ही हमी (आधी 86 होती). समजा काउंटीची सरासरी 180 बुशेल आणि भावाची 5 डॉलर, म्हणजे एकरी 900, हमी 810 ची. यंदा पीक जोरात आलं, 190 बुशेल, पण भाव 4 वर आला तर झाले 760, म्हणजे पीक वाढूनही 50 डॉलर मिळतात! याच हिशोबात पीएलसीचा भाव सरकून 4.40 होतो, तुमच्या शेताचं सरकारी दप्तरात नोंदलेलं जुनं एकरी उत्पादन 150 धरलं तर 60 डॉलर, म्हणजे ती पुढे. पण काउंटीत 170 च बुशेल आलं तर एआरसी कमाल मर्यादेला जाते, एकरी 108, आणि पीएलसी तिथेच 60 वर.

आता खरी मेख. तुमच्या एकट्याच्या शेतावर गारपीट झाली, मका आडवा पडला, पण बाकी काउंटी हिरवीगार, तर तुमच्या नुकसानीचं एआरसीत काही मिळत नाही. आपल्याकडे पीक विम्यात महसूल मंडळाच्या सरासरीवरून जी बोंब असते ना, अगदी तीच. स्वतःच्या शेताचं नुकसान भरून घ्यायला तिथेही पीक विमा वेगळा काढावा लागतो.

आणि पैसे पेरलेल्या रानावर मिळत नाहीत, ते बेस एकरवर मिळतात, म्हणजे जुन्या पेऱ्यावरून एफएसएच्या (शेती खात्याचं हे काम बघणारं ऑफिस) दप्तरात लागलेले एकर, तेही फक्त 85 टक्के, त्यामुळे वरचे सगळे पैशांचे आकडे 85 टक्केच धरा. मक्याच्या बेसवर यंदा सोयाबीन पेरलं तरी पैसे मक्याचेच, हे शेजाऱ्याने सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं, सातबाऱ्यावर एक आणि रानात दुसरं असं आपल्याकडे खपेल का!

एरवी साधारण 15 मार्चपर्यंत काउंटीच्या एफएसए ऑफिसात जाऊन दोघांतलं एक निवडावं लागतं, तेव्हा भाव काय होणार हे कोणालाच माहीत नसतं. 2025 च्या पिकाला मात्र दोघांतलं जे जास्त ते आपोआप मिळणार, फक्त 2025 मध्ये काढलेल्या मक्याचे पैसे ऑक्टोबर 2026 शिवाय नाहीत, बियाणं-खताची उधारी तोवर थांबत नाही.